स्प्रिंकलरचा बॅकफ्लो प्रिव्हेंटर टेस्टमध्ये नापास झाला, खालून थेंब गळतात. नवीनच बसवावा लागेल का?

न्यू जर्सीतल्या तुमच्या घरी लॉनच्या स्प्रिंकलरला आरपीझेड (लॉनकडचं घाण पाणी उलटं पिण्याच्या लाइनीत जाऊ न देणारा एक प्रकारचा बॅकफ्लो प्रिव्हेंटर) आहे, वार्षिक टेस्टमध्ये तो नापास झाला, मधल्या तोंडातून सतत थेंब पडतात आणि प्लंबर अख्खं युनिट बदलायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक वेळा युनिट बदलावं लागत नाही. आधी टेस्टरकडून रिपोर्टमधले आकडे मागून घ्या. नुसतं "फेल" लिहिलेल्या कागदावरून काहीच ठरवता येत नाही.

आरपीझेडमध्ये एकापुढे एक स्प्रिंगचे दोन चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा) असतात आणि त्यांच्या मधल्या कप्प्याखाली रिलीफ व्हॉल्व्ह (पाणी बाहेर सोडणारी झडप). पहिल्या चेकच्या स्प्रिंगमुळे दाब निदान 5 पीएसआयने (पीएसआय हे दाबाचं माप) उतरतो, म्हणून मधल्या कप्प्यात मुख्य लाइनपेक्षा नेहमी कमी दाब राहतो. चेक गळू लागला की हा फरक कमी होत जातो. तो 2 पीएसआयच्या खाली जायच्या आत रिलीफ उघडून मधलं पाणी जमिनीवर सोडतो. म्हणजे तुमच्याकडे गळणारं पाणी हे उपकरणाने दिलेला इशारा आहे. त्या तोंडाला बूच किंवा घट्ट पाइप लावून थेंब थांबवू नका, कुणी सुचवलं तरी.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. 1969 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल मैदानाला पाणी द्यायच्या जोडण्या जमिनीतल्या खड्ड्यांत होत्या. जवळ आग लागली, बंबांनी पाणी खेचलं, लाइनमधला दाब पडला आणि खड्ड्यातलं दूषित पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळाकडे ओढलं गेलं. जवळजवळ सगळ्या संघाला हिपॅटायटिस झाला आणि दोन सामन्यांनंतर हंगाम रद्द करावा लागला. तुमच्या लॉनच्या पाइपातही खत, तणनाशक आणि कुत्र्या-मांजरांची घाण उतरू शकते.

आता दोष शोधा. याला गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लागत नाही. स्प्रिंकलर बंद ठेवून युनिटच्या पुढचा, म्हणजे लॉनकडचा, व्हॉल्व्ह बंद करा. थेंब थांबले तर दुसरा चेक गळतोय आणि लॉनकडून उलटा दाब येतोय. थांबले नाहीत, तर चौथा, म्हणजे लॉनच्या बाजूचा शेवटचा, टेस्ट कॉक (टेस्टसाठी युनिटवर असलेल्या चार छोट्या नळांपैकी एक) उघडून पाणी वाहू द्या. वाहताना गळती थांबली, तर पहिल्या चेकमध्ये कचरा अडकलाय किंवा रबर खराब झालंय. वाहतानाही चालूच राहिली, तर दोष खुद्द रिलीफमध्ये आहे: सीटवर (झडप जिथे टेकून बंद होते त्या कडेवर) कण, फाटलेला डायफ्राम (आतला रबरी पडदा) किंवा त्याला मुख्य लाइनचा दाब पोचवणारी बारीक वाट तुंबलेली. माझ्या मते पहिल्या चेकमधला कचरा हाच सगळ्यात संभाव्य. रस्त्यावर लाइनचं काम झालं की वाळू आणि गंजाचे कण तिथेच येऊन बसतात.

दुरुस्तीसाठी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून टेस्ट कॉकमधून दाब पूर्ण सोडा, मगच झाकण उघडा. आत दाबून बसवलेली स्प्रिंग असते. चेक बाहेर काढून रबर डिस्क बघा. सीटची खूण खोल उमटली असेल तर काही मॉडेलमध्ये ती उलटी करून वापरता येते, पण उघडलंच आहे तर नवी घालावी. सीटच्या कडेवर नखाने चाचपून ओरखडा आहे का ते पाहा. ओ-रिंगला (रबरी कडीला) पिण्याच्या पाण्यासाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. व्हॅसलीन नको, त्याने ईपीडीएम जातीचं रबर फुगतं. रबर किट मॉडेल आणि मापाप्रमाणे मिळतं, म्हणून प्लेटवरचे नंबर आधी लिहून घ्या. परत चालू करताना पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मागचा अगदी हळू उघडा आणि चौथ्या टेस्ट कॉकमधून हवा काढा. झटक्यात उघडलात तर रिलीफ भडाभडा ओकतो आणि कचरा पुन्हा आत शिरतो.

फेरटेस्ट मात्र प्रमाणित टेस्टरचीच चालते. तो गेजची एक नळी दुसऱ्या टेस्ट कॉकला आणि दुसरी तिसऱ्याला लावतो, पुढचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि फरक सावकाश कमी करत जातो. रिलीफचा पहिला थेंब 2 पीएसआय किंवा त्याहून जास्तीवर पडला पाहिजे. मग चौथ्या कॉकमधून दुसऱ्या चेकवर उलटा दाब देऊन तो धरतो का बघतो. पहिल्या चेकचा फरक 5 पीएसआय किंवा जास्त हवा. गेजचं कॅलिब्रेशन वर्षाच्या आतलं आहे ना, तेही विचारा. चांगला टेस्टर न कुरकुरता दाखवतो.

नवीन युनिट घ्यायची वेळ येते ती बहुधा थंडीमुळे, बॉडीला तडा गेला की. किंवा सीट झिजलीय आणि ती बदलता येत नाही, किंवा त्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे झालेत. यातलं काही नसेल तर प्लंबरला रबर किट बसवून द्यायला सांगा.

गोठण्याआधी पाणी काढून युनिटच्या दोन्ही बाजूंचे बॉल व्हॉल्व्ह 45 अंशांवर, अर्धे उघडे ठेवा आणि टेस्ट कॉकही अर्धे उघडा. पूर्ण उघड्या किंवा पूर्ण बंद बॉलच्या भोवती पाणी अडकतं आणि तेच गोठून व्हॉल्व्ह फोडतं. लाइन हवेने साफ करणार असाल तर हवा युनिटच्या पुढून, लॉनकडच्या जोडणीतून सोडा, युनिटमधून नाही. आणि रिलीफचं तोंड जमिनीपासून निदान 12 इंच वर आहे का ते आजच मोजा. पावसात किंवा बर्फ वितळताना ते पाण्यात बुडत असेल तर आतली दुरुस्ती कितीही चांगली केली तरी उपयोग नाही, युनिट वर उचलून बसवावं लागेल.