‘प्रोफाइल लावणे’ म्हणजे नेमकं काय करणे?

प्रश्न असा: इंकजेट प्रिंटरसाठी स्वतः कलर प्रोफाइल (कोणत्या आकड्यांचा प्रत्यक्षात कोणता रंग होतो, याचं वर्णन करणारी फाइल) बनवलं. सूचनांत एका ठिकाणी ‘फोटोला प्रोफाइल लावा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘प्रिंटरला प्रोफाइल लावा’ असं लिहिलं होतं. दोन्ही केलं, तरी प्रिंट गुलाबट आणि काळपट आलं. ‘प्रोफाइल लावणे’ हा प्रयोग बरोबर आहे का? आणि यालाच कॅलिब्रेशन म्हणायचं का?

मराठीतला ‘लावणे’ फार कामाचा धातू आहे. दिवा, कुलूप, झाड, चष्मा, शिस्त, सगळं आपण लावतोच, आणि संदर्भावरून अर्थ कळतो. प्रोफाइलच्या बाबतीत मात्र संदर्भ पुरत नाही. इथे ‘लावणे’ चार वेगळ्या कृतींसाठी वापरलं जातं, आणि त्यातली एक दुसरीच्या जागी केली की प्रिंट बिघडतं. म्हणून या विषयावर लिहिताना ‘लावणे’ टाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली कृती ‘बसवणे’. प्रोफाइलची फाइल संगणकाला ओळखीची करून द्यायची. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हणायचं, मॅकवर ती कलरसिंकच्या फोल्डरमध्ये टाकायची. यानं रंगात काहीच बदल होत नाही.

दुसरी ‘जोडणे’. फोटोशॉपमध्ये ही ‘असाइन प्रोफाइल’ या नावानं दिसते. फाइलमधले आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो. ०, २५५, ० (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) हा हिरवा एसआरजीबी या फोटोंच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये एक रंग आहे आणि अडोबी आरजीबी या दुसऱ्या प्रोफाइलमध्ये त्याहून बराच गडद, भडक हिरवा. त्यामुळे एसआरजीबी फोटोला अडोबी आरजीबी जोडलं की पडद्यावर रंग तिथल्या तिथे भडकतात.

तिसरी ‘रूपांतर करणे’, म्हणजे ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’. इथे उलट आहे: आकडे बदलतात आणि रंग शक्य तितका तसाच राहतो. चौथी कृती प्रिंटच्या खिडकीत प्रोफाइल ‘निवडणे’. हे रूपांतरच असतं, फक्त छापताना होतं आणि मूळ फाइलला हात लागत नाही. रोजच्या कामाला हीच पद्धत बरी.

आता ‘फोटोला लावा’ हे वाचून प्रिंटरचं प्रोफाइल फोटोला जोडलं, तर काय होतं ते पाहा. सॉफ्टवेअर समजतं की हे आकडे आधीच प्रिंटरच्या भाषेतले आहेत. मग प्रिंटच्या खिडकीत तेच प्रोफाइल निवडलं की त्याच प्रोफाइलमधून त्याच प्रोफाइलमध्ये जायचं असतं, म्हणजे रूपांतर होतच नाही. मेहनतीनं बनवलेलं प्रोफाइल वापरलंच जात नाही. फोटोला फक्त त्याचं मूळ प्रोफाइल (एसआरजीबी, अडोबी आरजीबी, जे असेल ते) जोडलेलं राहू द्यावं.

गुलाबट झाक मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कारणानं येते: रंग दोनदा सांभाळले जातात. प्रोग्रामनं प्रोफाइलनुसार रूपांतर केलं आणि ड्रायव्हरनंही (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) आपली दुरुस्ती वर केली. प्रोग्राममध्ये ‘रंग प्रोग्राम सांभाळेल’ अशा अर्थाचा पर्याय निवडला, तर ड्रायव्हरमध्ये रंगदुरुस्ती बंदच हवी. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये त्या पर्यायाचं नाव ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ असं असतं.

प्रोफाइल बनवतानाही हाच नियम, आणखी काटेकोरपणे. रंगचौकोनांचा तक्ता छापताना प्रोग्राम आणि ड्रायव्हर दोघांनीही रंगाला हात लावता कामा नये. आपल्याला कच्च्या आकड्यांना प्रिंटर काय उत्तर देतो ते मोजायचं असतं. फोटोशॉपमधून असं रंगाला हात न लावता छापण्याचा पर्याय सीएस ५ या आवृत्तीपासून काढून टाकला, म्हणून अडोबीची कलर प्रिंटर युटिलिटी किंवा प्रोफाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचीच छपाई वापरतात. आधी नोझल चेक, म्हणजे शाई सोडणारी सगळी छिद्रं सुरू आहेत ना याची तपासणी, करावा. एक नोझल बंद असेल, तर तो दोषच प्रोफाइलमध्ये नोंदवला जातो आणि पुढे नोझल साफ झाला की प्रोफाइल चुकीचं ठरतं. तक्ता शंभर टक्के आकारातच छापावा, नाहीतर मोजणाऱ्या यंत्राला चौकोनांच्या कडा सापडत नाहीत. चांगल्या फोटो कागदाला आठशे ते हजार चौकोन पुरतात. छापल्यावर पिगमेंट शाईला निदान तासभर आणि डाय शाईला शक्यतो एक दिवस वाळू द्यावं, कारण ओल असेपर्यंत रंग सरकत असतात. मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर (कागदावरून परतणारा प्रकाश मोजणारं यंत्र) लागतो. मॉनिटरचा कलरीमीटर इथे चालत नाही. मोजताना तक्त्याखाली त्याच कागदाचे दोन-तीन कोरे ताव ठेवावेत. पातळ कागदातून खालच्या टेबलाचा रंग मोजणीत उतरतो.

आर्गिल हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे टप्पे आज्ञांच्या नावांतच दिसतील: टार्जेन चौकोन ठरवतं, प्रिंटटार्ग पानावर मांडतं, चार्टरीड वाचतं, कोलप्रॉफ प्रोफाइल तयार करतं.

कॅलिब्रेशनबद्दल. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राचं वागणं ठरलेल्या स्थितीला आणणं, आणि प्रोफाइल म्हणजे ते जसं वागतं तसं त्याचं वर्णन. मॉनिटरचं आपण दोन्ही करतो, एकाच बैठकीत, म्हणून शब्द मिसळले. घरगुती इंकजेटचं बहुधा फक्त प्रोफाइल बनतं, तेव्हा ‘प्रिंटर कॅलिब्रेट केला’ म्हणू नये. हे वर्णन एका ठरावीक जुळणीचं असतं: प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरमधला मीडिया टाइप (कागदाच्या प्रकाराचा पर्याय). मीडिया टाइपनुसार शाईचं प्रमाण बदलतं. तक्ता ‘ग्लॉसी’वर छापला आणि फोटो ‘मॅट’वर, तर ते प्रोफाइल त्या फोटोचं नव्हेच. फाइलच्या नावात या चारही गोष्टी आणि तारीख लिहून ठेवाव्यात.

‘प्रोफाइल’ला मराठी प्रतिशब्द करण्याची गरज मला वाटत नाही. ‘वर्णरेखा’, ‘रंगरूपरेषा’ यांतून बोध होत नाही आणि पडद्यावर तर ‘प्रोफाइल’च दिसतं. लिंगाबाबत एकमत नाही. ‘ती प्रोफाइल’ही ऐकू येतं. मी ‘ते प्रोफाइल’ लिहितो, कारण मनात ‘वर्णन’ असतं. ‘आयसीसी प्रोफाइल’मधलं आयसीसी म्हणजे १९९३ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम. ‘कस्टम’साठी ‘खास बनवलेलं’ पुरेसं आहे, आणि कागदाच्या कंपनीनं दिलेल्याला ‘तयार प्रोफाइल’.

तेव्हा त्या सूचना अशा लिहायला हव्या होत्या: ‘प्रोफाइल संगणकात बसवा. फोटोला जोडलेलं मूळ प्रोफाइल तसंच ठेवा. प्रिंटच्या खिडकीत नवं प्रोफाइल निवडा, रेंडरिंग इंटेंट (छापता न येणाऱ्या रंगांचं काय करायचं ते ठरवणारा पर्याय) रिलेटिव्ह कलरीमेट्रिक ठेवून ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (काळ्याची पातळी जुळवणारा पर्याय) चालू करा. ड्रायव्हरची रंगदुरुस्ती बंद करा आणि तक्ता छापताना निवडलेला मीडिया टाइपच निवडा.’