वाचकांचे प्रश्न : अडथळ्यांच्या शर्यतीत कारकीर्द घडते का?

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून लहानपणापासून दादरच्या एका व्यायामशाळेत मल्लखांब करतो. गेल्या वर्षभरापासून तो 'अमेरिकन निंजा वॉरियर' आणि जपानचा 'सासुके' हे अडथळ्यांच्या शर्यतीचे टीव्ही कार्यक्रम सतत पाहतो आहे. आता मल्लखांब सोडून याच स्पर्धांची तयारी करायची, असा त्याने हट्ट धरला आहे. सोसायटीच्या गच्चीवरच्या पाइपांना लोंबकळून त्याचा सराव चालतो. पुढच्या वर्षी दहावी आहे. त्याचे बाबा याला खूळ म्हणतात. आम्ही काय करावे?
— एक आई, लालबाग

उत्तर : मल्लखांब सोडू देऊ नका, हे माझे ठाम मत आहे, मात्र त्याच्या नव्या ओढीला खूळ म्हणून झिडकारूही नका. ज्या खेळाने तो भारावला आहे, त्याची खरी तयारी त्याच्या व्यायामशाळेत आधीच झालेली आहे, हे त्याला अजून कोणी दाखवून दिलेले दिसत नाही.

या स्पर्धांचा इतिहास त्याच्याबरोबर बसून नीट पाहावा, असे मी सुचवीन. 'सासुके' जपानमध्ये १९९७ साली सुरू झाले. चार टप्प्यांची ही शर्यत सर्वप्रथम १९९९ मध्ये काझुहिको अकियामा यांनी पूर्ण केली. ते खेकडे पकडणारे मच्छीमार होते. २००६ मध्ये शेवटपर्यंत पोहोचलेले माकोतो नागानो हेही मासेमारीच्या बोटीवरचेच. अमेरिकेतला कार्यक्रम २००९ मध्ये सुरू झाला आणि पहिले सहा हंगाम एकाही स्पर्धकाला अंतिम टप्पा पार करता आला नाही. सातव्या हंगामात, २०१५ साली, जेफ ब्रिटन आणि आयझॅक कॅल्डिएरो हे दोघे ७५ फुटांचा दोर ३० सेकंदांच्या आत चढले. ब्रिटन यांना २९.६५ सेकंद लागले, कॅल्डिएरो यांना २६.१४. दहा लाख डॉलरचे बक्षीस वेगवान ठरलेल्या कॅल्डिएरो यांना मिळाले. त्या कार्यक्रमात अंतिम टप्पा सर्वांत आधी पार केलेले ब्रिटन मात्र साडेतीन सेकंदांच्या फरकाने त्या रकमेला मुकले. पेशाने ते टीव्हीचे कॅमेरामन होते. नाव सर्वदूर झाले तरी पोटापाण्याचा व्यवसाय वेगळाच असलेली माणसे या खेळात सुरुवातीपासून आहेत, हे आपल्या मुलाने समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते.

अर्थात अलीकडे चित्र काहीसे बदलले आहे. अमेरिकेत २०१८ पासून मुलांसाठी वेगळी स्पर्धा सुरू झाली आणि २०२१ मध्ये मुख्य स्पर्धेची वयोमर्यादा पंधरापर्यंत खाली आणली गेली. व्हॅन्स वॉकर हा खेळाडू याच वाटेने वर आला. लहानपणी सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे हालचालींवर परिणाम करणाऱ्या विकाराचे, निदान झालेल्या या मुलाने आधी मुलांच्या गटात विजेतेपद मिळवले आणि पुढे २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे मुख्य स्पर्धाही जिंकली. परंतु त्याच्यासारख्यांच्या मागे तिथल्या गावोगावी उघडलेल्या खास जिम आणि वर्षभर चालणाऱ्या छोट्या स्पर्धा उभ्या आहेत. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. त्यात टीव्हीवर निवड होताना ताकदीइतकीच स्पर्धकाची जीवनकहाणीही पाहिली जाते. निर्मात्यांच्या पसंतीवर आणि वर्षातून एखाद्या वेळी मिळणाऱ्या दोन-चार मिनिटांवर पंधराव्या वर्षी सगळे आयुष्य लावू नये.

आता त्याच्या हाताशी काय आहे ते पाहू. पुरलेल्या मल्लखांबावर खांद्याची आणि पोटाची जी ताकद येते, दोरीच्या मल्लखांबावर पायाच्या अंगठ्याने आणि बोटाने दोर पकडून वर जाण्याची जी सवय होते, ती नुसत्या जिममध्ये मिळत नाही. एरंडेल तेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर केवळ मांड्यांच्या पकडीने शरीर तोलणारा मुलगा पुढे कोणत्याही अडथळ्यावर आपला तोल लवकर साधतो. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये आपल्या शिवाजी पार्कातच भरली होती. खेलो इंडियात हा खेळ आहे आणि मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावीच्या परीक्षेत क्रीडागुणही मिळू शकतात. टीव्हीवरच्या कार्यक्रमाचे प्रमाणपत्र त्यासाठी चालणार नाही. शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून यंदाचे नियम आणि अर्जाची मुदत आत्ताच विचारून ठेवा, कारण पात्र असूनही कागद वेळेत न गेल्यामुळे मुलांचे गुण हुकतात आणि ते पाहून फार वाईट वाटते.

त्याच्या आवडीला थेट जोडणारा मान्यताप्राप्त मार्गही आता खुला झाला आहे. ऑलिंपिकमधल्या मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेतून पॅरिस २०२४ नंतर घोडेस्वारी वगळण्यात आली आणि तिच्या जागी नेमकी अडथळ्यांची शर्यत आली. तलवारबाजी, पोहणे, ही शर्यत आणि शेवटी धावणे व पिस्तूल नेमबाजी यांचा एकत्र टप्पा, असे त्याचे स्वरूप आहे. हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कायम ठेवण्याच्या निर्णयावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात ऑक्टोबर २०२३ मध्ये शिक्कामोर्तब झाले, आणि ते अधिवेशन मुंबईतच होते. टीव्हीवर तो जी वळलेली उंच भिंत पाहतो, तशाच भिंतीवर ही शर्यत संपते. त्याला पोहता येत असेल आणि तो बऱ्यापैकी धावत असेल, तर पोहणे व धावणे यांच्या जोडस्पर्धांपासून सुरुवात करता येईल. तलवारबाजी पुढे शिकता येते.

गच्चीवरचा सराव मात्र आजच थांबवा. टीव्हीवर खाली पाणी किंवा जाड गाद्या असतात, सोसायटीच्या गच्चीवर सिमेंट असते, आणि पाण्याच्या टाकीचा पाइप माणसाचे झोके सहन करण्यासाठी बसवलेला नसतो. दुसरा धोका सहजी दिसत नाही. तेरा ते सोळा या वयात हाडांच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग कच्चा असतो. बारीक कडेला बोटांच्या टोकांनी लोंबकळण्याचा व्यायाम अति झाला, तर मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यात, बोटाच्या पाठीकडच्या बाजूला, दुखू लागते. मुले ती दुखी लपवतात. आपण त्याचा हात हातात घेऊन तो सांधा हलकेच दाबून पाहा. तो कळवळला, तर त्या बोटावर भार देणे बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. खेळांच्या दुखापती पाहणारे डॉक्टर मिळाले तर उत्तमच. वेळेवर विश्रांती मिळाली तर ही दुखापत सहसा बरी होते. ओढून नेली तर बोट कायमचे वाकडे राहू शकते.

दहावीच्या वर्षात मल्लखांबाचे दिवस कमी झाले तरी चालतील, पण तो पूर्ण बंद पडू देऊ नका. आठवड्यातला एक दिवस प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली कृत्रिम भिंतीवर चढाईला द्यावा. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती आणि रोज आठ-नऊ तास झोप या बाबतीत मात्र तडजोड नको. त्याच्या बाबांनी एकदा व्यायामशाळेत येऊन त्याला दोरीवर पाहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : मी सतरा वर्षांची असून चार वर्षे प्रस्तरारोहण करते. माझी उंची पाच फूट आहे. या स्पर्धांमध्ये अडथळ्यांतली अंतरे उंच पुरुषांच्या हिशेबाने ठेवलेली असतात, असे सगळे म्हणतात. मी यात पडावे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : जरूर पडावे. केसी कॅटनझारो ही जिम्नॅस्ट तुझ्याच उंचीची होती. २०१४ मध्ये 'अमेरिकन निंजा वॉरियर'मध्ये वळलेली उंच भिंत सर करून शहरपातळीवरची अंतिम फेरी पूर्ण करणारी ती पहिली स्त्री ठरली. २०१६ मध्ये जेसी ग्राफ या स्टंट कलाकार स्त्रीने राष्ट्रीय अंतिम स्पर्धेचा पहिला टप्पा पार केला. अंतरे अडचणीची असतात हे खरेच आहे आणि त्यावर उपाय वेगाचा आहे. दांडीवरून दांडीवर झेप घेताना उंच माणूस हात लांब करून भागवतो, तुला झोका मोठा घेऊन तो शेवटच्या टोकाला पोहोचताना हात सोडावा लागेल. हे कसब सरावाने येते. तू चढाई करतेस, त्यामुळे बोटांत ताकद आहेच. खांदे, उड्या आणि मुख्य म्हणजे उतरताना गुडघे वाकवून पाय टेकवणे यांवर मेहनत घे. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीच्या भिंतीवरील चढाईचा, विश्वचषक झाला होता, म्हणजे जागतिक दर्जाची चढाई तुझ्या घरापासून फार लांब नव्हती. चढाईच्या मान्यताप्राप्त स्पर्धा सोडू नकोस. आणि मुंबईच्या दमट हवेत तळहाताचे घट्टे फुगून फाटतात, तेव्हा ते दर आठवड्याला घासून सपाट ठेव.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीला एका वाहिनीच्या मुलांच्या शर्यतीच्या कार्यक्रमासाठी बोलावणे आले आहे. करारावर सही करण्यापूर्वी काय पाहावे?
— एक वडील, बोरिवली

उत्तर : चौदा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत बालकामगार कायद्याचे २०१७ चे सुधारित नियम स्पष्ट आहेत. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते, चित्रीकरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मिळणाऱ्या रकमेपैकी किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावे लागतात. परवानगीची प्रत निर्मात्यांकडे मागा. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

करार आपण पालक म्हणून करणार आहात, त्यामुळे प्रत्येक पान वकिलाकडून वाचून घ्या. दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार आणि किती रकमेपर्यंत, विमा कोणत्या दिवसापासून लागू आहे, सरावाच्या दिवसांचा त्यात समावेश आहे का, हे लेखी हवे. मुलीचे पडणे आणि रडणे जाहिरातीत पुन्हा पुन्हा दाखवण्याचा हक्क वाहिनी मागत असेल, तर ते कलम काढून घेण्याचा आग्रह धरा. सराव कोण घेणार आहे, त्यांना लहान मुलांना शिकवण्याचा अनुभव किती आहे, आणि सेटवर डॉक्टर पूर्ण वेळ असतील का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. ऐन शर्यतीच्या क्षणी मुलगी 'नको' म्हणाली तर तिला माघार घेता येईल, असे एक वाक्य करारात घालून घ्या आणि ते तिलाही वाचून दाखवा.