दुष्काळ की उपासमार?

सुदानच्या बातम्यांत कुणी 'दुष्काळ' लिहितं, कुणी 'उपासमार', कुणी 'भूकबळी'. यातला नेमका शब्द कोणता, असा प्रश्न आहे.

सुदानच्या दारफूर भागातल्या अल फाशर शहरापुरतं तरी 'दुष्काळ' नको, असं माझं मत. कोशाच्या हिशेबानं तो चूक नाही, अन्नान्नदशेलाही आपण दुष्काळच म्हणत आलो. पण आज हा शब्द ऐकला की आपल्याला पाऊस आठवतो, पैसेवारी, टँकर, चारा छावण्या आठवतात. शिवाय दुष्काळ 'पडतो'. तो कुणी पाडलेला नसतो. टंचाई निदान कृत्रिम तरी असते!

अल फाशरला सुदानच्या सैन्याशी लढणाऱ्या निमलष्करी आरएसएफचा (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) वेढा २०२४ पासून होता. शहराभोवती मातीचा बांध घातला, धान्याच्या गाड्या अडवल्या. माणसं 'अंबाज' खाऊ लागली. अंबाज म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, गुरांना घालतात ती. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडलं. यात पावसाचा संबंध किती? पानिपताच्या बखरी वाचणाऱ्या भाषेला 'रसद तोडली' म्हणायला कुणाची परवानगी हवी?

'उपासमार' इथे बसतो, कारण तो 'होते'बरोबर चालतो आणि 'केली'बरोबरही. 'नागरिकांची उपासमार केली' म्हटलं की 'कुणी?' हा प्रश्न आपोआप येतो. घरगुती छळाच्या बातमीत 'उपाशी ठेवून छळ केला' असं आपण बिनदिक्कत लिहितो. आफ्रिकेचं नाव आलं की मात्र क्रियापद अकर्तृक होतं. हे जुनंच दुखणं आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये इथिओपियातल्या कोरेमहून बीबीसीनं दिलेल्या गाजलेल्या वृत्तांतात त्या संकटाला 'बायबलमधल्यासारखा' दुष्काळ म्हटलं होतं. जगभरातून मदत आली, हे खरंच. पण पाऊस हुकला होता तसंच तिथला हुकूमशहा मेंगिस्तूचं सैन्य उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतातल्या बंडखोरांशी लढत होतं आणि बंडखोरांच्या भागात अन्न पोचू देत नव्हतं. हा भाग त्या विशेषणाखाली झाकला गेला. हाडांचा सापळा झालेल्या पोराचा फोटो आणि खाली नुसतं 'दुष्काळग्रस्त', हे त्याचंच पुढचं पाऊल.

'भूकबळी' एकेका मृत्यूसाठी ठेवावा. तोही सरकारं सहसा मान्य करत नाहीत, मेळघाटात 'कुपोषण' म्हणून वेळ मारून नेतात, हे आपल्याला ठाऊक आहेच.

अडचण एका ठिकाणी येते. 'आयपीसी' ही अन्नसंकटाची तीव्रता ठरवणारी, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा सहभाग असलेली वर्गवारी ठरावीक निकषांवर 'फॅमिन' जाहीर करते: किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाचा टोकाचा तुटवडा, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, १०,००० लोकांमागे रोज २ मृत्यू. ऑगस्ट २०२४ मध्ये अल फाशरजवळच्या झमझम छावणीबाबत तसं जाहीर झालं. 'उपासमार जाहीर' हे कानाला खटकतं, मान्य. तिथे 'उपासमारीचं संकट जाहीर' लिहा, चालतं.

आणि सोमालिया, २०११? पाऊस खरंच हुकला होता, पण अल शबाब या तिथल्या कट्टर इस्लामी सशस्त्र संघटनेनं मदत संस्थांना बंदीही घातली होती. तिथे दोन्ही शब्द लागतील.