उत्तेजित अणुकेंद्राचा जी-गुणक

प्रश्न : उत्तेजित अवस्था नॅनोसेकंदांतच संपते. मग तिचं चुंबकत्व मोजतात कसं?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : हे चुंबकत्व जी-गुणकाने, म्हणजे केंद्रकाचं चुंबकत्व आणि त्याचा स्पिन (स्वतःभोवतीचं फिरणं) यांच्या गुणोत्तराने सांगतात. ते मोजायला किरणोत्सारी इंडियम-१११ घ्या. त्याच्या ऱ्हासातून बनलेलं कॅडमियम-१११ लागोपाठ १७१ आणि २४५ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे गॅमा किरण सोडतं. मधल्या अवस्थेचं अर्धायुष्य सुमारे ८५ नॅनोसेकंद. पहिला गॅमा घड्याळ सुरू करतो, दुसरा थांबवतो. डिटेक्टर एकमेकांशी १३५ अंशांत, चुंबकीय क्षेत्र त्यांच्या प्रतलाला लंब. क्षेत्रात केंद्रकाच्या स्पिनची दिशा फिरते आणि तिच्याबरोबर दुसऱ्या गॅमाची दिशाही, म्हणून गॅमाच्या जोड्यांची गणती वेळेनुसार कमी-जास्त होते. २ टेस्लाच्या क्षेत्रात गणतीचं एक आवर्तन साधारण १०७ नॅनोसेकंदांचं; त्यावरून जी सुमारे −०.३१ निघतो. ०.५ टेस्लाला तेच ४२८ होतं, तोवर जेमतेम ३ टक्के केंद्रकं उरतात. कमजोर चुंबक नकोच! उणे चिन्ह कळतं ते क्षेत्र उलटवून घेतलेल्या गणतीतल्या फरकावरून.

खरी गोम नमुन्यात आहे. घन संयुगातली विद्युत क्षेत्राची प्रवणता (जागेनुसार होणारा बदल) स्पिनला वेगळेच झोके देते. म्हणून इंडियम क्लोराइडचं आम्लयुक्त पातळ द्रावण बरं. आम्ल कमी पडलं तर इंडियम नळीच्या काचेला चिकटतं.

डिटेक्टरमधल्या फोटोमल्टिप्लायरला (मंद प्रकाशाचा विद्युत संकेत करणाऱ्या नळीला) चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटल या मिश्रधातूचं कवच हवंच. आणि जळगावच्या मे महिन्यात एसी बंद पडला, की डिटेक्टरच्या सोडियम आयोडाइड स्फटिकात दिसणारं गॅमाचं शिखर ठरवलेल्या ऊर्जापट्ट्यातून सरकतं; ते सकाळ-संध्याकाळ तपासा.