एका पाळीचा लिंकन

प्रश्न आहे: ‘अब्राहम लिंकन वन-टर्म काँग्रेसमन होता’ हे मराठीत कसं लिहायचं? ‘एककालीन काँग्रेस खासदार’ चालेल का?

नाही चालणार. एककालीन म्हणजे एकाच काळातले. आणि ‘काँग्रेस खासदार’ वाचलं की आपल्याकडे पक्षच डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतली काँग्रेस म्हणजे तिथली संसद, हे किती वेळा सांगायचं! लिंकन होता व्हिग पक्षाचा. त्या वेळी इलिनॉय राज्यातून निवडून आलेला त्या पक्षाचा एकटाच. ‘अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सदस्य’ लिहा, खासदार म्हणालात तरी माझी हरकत नाही.

‘टर्म’ला मुदत, कार्यकाळ हे शब्द आहेतच. पण लिंकनपुरता एकच शब्द बरोबर बसतो: पाळी. त्याच्या मतदारसंघात हार्डिन, बेकर आणि लिंकन असे तीन व्हिग इच्छुक होते. आधी हार्डिन जाऊन आला, मग बेकर. १८४६ साली हार्डिनला पुन्हा जायचं होतं. तेव्हा लिंकनने पत्रांतून एकच मुद्दा लावून धरला: पाळीपाळीने जाणं हाच न्याय. हार्डिनने माघार घेतली, लिंकनने कार्टराइट नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाला हरवलं आणि १८४७ ते १८४९ ही आपली पाळी पुरी केली. मेक्सिकोशी युद्ध चालू असताना ‘अमेरिकी भूमीवर रक्त सांडलं म्हणता, तर ती नेमकी जागा दाखवा’ असे ठराव त्याने राष्ट्राध्यक्ष पोकविरुद्ध मांडले, ते याच पाळीत. पुढची पाळी लोगन या आणखी एका व्हिगाची होती. १८४८ मध्ये तो हरला आणि व्हिगांची जागा गेली.

आता हा शब्द पाहा. एका ज्येष्ठ अभ्यासकांनी मला ठासून सांगितलं की पाळी ‘पाळणे’वरून आली, ठरलेला क्रम पाळायचा म्हणून पाळी. साफ चूक! मग कानाची पाळी कोण पाळतं? संस्कृतात ‘पालि’ म्हणजे कड, आणि रांगसुद्धा. कडेवरून कानाची पाळी आली, रांगेवरून आपला नंबर. फलचं फळ झालं, ‘माला’ची माळ झाली, तशी पालिची पाळी.

‘आळीपाळीने’मधली आळीही रांगच, संस्कृत ‘आलि’. तांबट आळी म्हणजे तांबटांच्या घरांची ओळ. म्हणजे आळीपाळीने म्हणताना आपण रांगेला रांग जोडतो! लोक ‘आळी’ला नुसता यमकाचा शब्द समजतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. आणि कालव्याच्या पाण्याची शेजपाळी ठाऊक आहे ना? एका शेताचं भिजवून झालं की पाणी शेजारच्या शेताला. तिथेही हार्डिनसारखा कुणीतरी दुसऱ्यांदा दार उघडायला बघतोच, आणि त्याला अडवताना शेतकरी हाच शब्द वापरतो: ‘तुझी पाळी झाली.’