दोरा, खाडे आणि शेंगाचटणी

प्रश्न : आमचे मालक (वय ४४) चादरीच्या कारखान्यात पॉवरलूमवर आहेत. दोन वर्षांत बसायच्या जागी दोनदा गळू झालं, दोन्ही वेळा डॉक्टरांनी चिरून साफ केलं. आता तिथं बारीक तोंड राहिलंय, पू येतो. भगंदर आहे म्हणतात. लाजेनं ते कुठं बोलत नाहीत, म्हणून मीच लिहितेय. आयुर्वेदातला दोरा बांधला की बिनऑपरेशन बरं होतं, असं शेजारी सांगतात. खरं का? खाडे किती पडतील? शेंगाचटणी बंद करावी लागेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, चटणीचं आधी सांगते, कारण सोलापूरचा पेशंट टेबलावरून उतरतानाच ते विचारतो. चालेल, पण बेतानं, तेल घालून. खरी भीती शौचाला खडा होण्याची. कडक भाकरी कोरडी चावू देऊ नका, आमटीत चुरून द्या.

आता दोरा. त्याला क्षारसूत्र म्हणतात. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून २१ लेप देतात, प्रत्येक लेप वाळवून. भगंदर म्हणजे गुदमार्गाच्या आतून बाहेरच्या तोंडापर्यंत गेलेली नळी; तिच्यातून तो ओवून बाहेर गाठ मारतात. मग तो रोज थोडं थोडं कापत जातो आणि मागची जागा भरत येते. म्हणजे ही सावकाश चालणारी सुरीच! ‘बिनऑपरेशन’ म्हणू नका. पहिला दोरा बहुतेकदा भूल देऊनच घालतात.

दोरा आठवड्याला बदलतात. मालकांना पटकन कळेल : लूमवर जुन्या ताण्याला नवा सांधून ओढतात, तसाच जुन्या दोऱ्याला नवा बांधून ओढायचा. आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर कापलं जातं. नळी पाच सेंटिमीटर असेल तर पाच-सहा आठवडे धरा. पहिल्या दोऱ्यानंतर चार-पाच दिवस, पुढं बदलायच्या दिवशी एखादा खाडा. उभ्यानं काम असल्यानं त्यांना तुलनेनं सोपं जाईल. दोन दिवस ठणका राहतो. दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात बसवा.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१च्या अभ्यासात भगंदर उलटण्याचं प्रमाण दोऱ्यानं शंभरात ४, ऑपरेशननं ११ निघालं. पण बरं व्हायला दोऱ्यानं ८ आठवडे लागले, ऑपरेशननं ४. मी वैद्य असूनही दुसरा आकडा लपवत नाही. पेशंट अर्ध्यावर सोडतात ते त्यामुळंच, आणि अर्धवट सोडलेला दोरा म्हणजे नुसता हाल.

त्याआधी एमआरआय करून घ्या. दोनदा गळू झालंय, नळीला फाटा असू शकतो. आतलं तोंड न शोधता कुणी दोरा ओवायला निघालं तर उठून या. साखर तपासा. क्षयाची शंका आली तर तिथला तुकडा तपासणीला पाठवतात, आणि क्षय निघाला तर आधी त्याचं औषध.

जुने कागद सोबत न्या. आणि दोरा घालून परतताना मोटारसायकल नको म्हणावं, रिक्षा करा.