घरातला सुका कचरा पुढे कोणाच्या हाती जातो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही चार वर्षांपासून ओला आणि सुका कचरा काटेकोरपणे वेगळा ठेवतो. पण सकाळी येणाऱ्या घंटागाडीत दोन्ही डबे एकाच कप्प्यात रिकामे होतात, हे रोज गॅलरीतून दिसते. मग ही मेहनत कशासाठी करायची? (एक गृहिणी, पश्चिम महाराष्ट्रातील नगरपालिका क्षेत्र)

उत्तर : आपला संताप रास्त आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा वेगळा करून देण्याचे बंधन जसे नागरिकांवर घातले, तसेच वेगळा दिलेला कचरा वेगळाच वाहून नेण्याचे बंधन स्थानिक संस्थेवरही घातले. त्यामुळे आपल्या दारात कचरा एकत्र होत असेल, तर तो नियमभंग आहे. गाडीचा क्रमांक, वार, वेळ आणि शक्य असल्यास छायाचित्र यांसह प्रभागाच्या स्वच्छता निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. गल्लीतील दहा घरांनी मिळून सह्या केल्या, तर त्या तक्रारीला निश्चितच अधिक वजन येते.

मात्र तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वर्गीकरण सोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुका कचरा कुजत नाही. तो पंधरा दिवस गोणीत साठवून थेट कचरावेचक महिलेला किंवा भंगारवाल्याला देता येतो आणि तसे केल्यास घंटागाडीशी त्याचा संबंधच येत नाही. वर्तमानपत्राची कोरडी रद्दी किलोवर विकली जाते. तोच कागद आमटीच्या पाण्यात भिजला, की त्याला कोणी हात लावत नाही. वस्तू तीच, पण मधल्या काही तासांत तिची किंमत शून्य झालेली असते, आणि ती शून्य होते आपल्या ओट्यापासून गाडीपर्यंतच्या वाटेवर.

पुण्यात ही किंमत कोणाच्या पोटाशी जोडलेली आहे, हे पाहण्यासारखे आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 1993 मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. या नावातच त्या काळच्या भंगाराची यादी आहे. प्लास्टिक तीत नाही, आणि आज गोणीत सर्वाधिक जागा तेच व्यापते. पुढे याच पंचायतीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या सभासद, ज्यांत बहुसंख्य महिला आहेत, महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. घरटी मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीतून मिळणारी रक्कम हे त्यांचे उत्पन्न असते. म्हणजे आपण सुक्या डब्यात टाकलेला खरकट्याचा एक घास कोणाच्या तरी त्या दिवसाच्या कमाईतून वजा होतो.

एका वर्गीकरणाच्या शेडमध्ये मी तासभर बसलो होतो. साठीच्या आसपासच्या एक मावशी पिशव्या वेगळ्या करत होत्या. त्या प्रत्येक पिशवी मुठीत चुरगाळत आणि कानाने ओळखत : कडक, कुरकुरीत आवाज आला की एका ढिगात, मऊ आणि बिनआवाजाची असेल तर दुसऱ्या ढिगात. तासाभरात त्यांचा हात दोनदा थांबला. एकदा पिशवीत गुंडाळलेले लहान मुलाचे डायपर निघाले, आणि एकदा दाढीचे पाते. त्यांनी पदराला बोट पुसले आणि पुन्हा काम सुरू केले. त्या बोटाची आठवण मला आजही डब्याचे झाकण उघडताना होते.

प्रश्न : दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा वेगळा करू नये, असे सांगतात. एवढ्याशा तुकड्याने काय बिघडते? (ठाणे)

उत्तर : तो तुकडा नखाएवढा असल्याने वर्गीकरणात हाती लागत नाही, बहुतेक वेळा तो ओल्या कचऱ्यात जातो, तेथून खतात आणि खताबरोबर मातीत. पिशवीला फक्त एक चीर द्यावी आणि कोपरा तिलाच लटकू द्यावा. पिशवी थोड्या पाण्याने विसळून ते पाणी झाडांना घालावे आणि पिशवी उलटी वाळत ठेवावी. दूधपिशवीचे प्लास्टिक एकाच जातीचे आणि वितळवण्यास सोपे असते, म्हणून स्वच्छ पिशव्यांना भंगारात मागणी असते. आंबलेल्या दुधाच्या वासाची पिशवी मात्र दुकानदारही बाजूला सारतो.

प्रश्न : सगळ्या प्लास्टिकवर पुनर्प्रक्रिया होते का? वेफर्स आणि बिस्किटांची वेष्टनेही आम्ही धुऊन देतो. पाण्याच्या बाटलीचे झाकण काढावे का? (नाशिक)

उत्तर : सगळ्यावर होत नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चकचकीत वेष्टनात प्लास्टिकचे पातळ थर आणि धातूचा मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात. ते थर परवडेल अशा खर्चात सुटे करता येत नाहीत. म्हणून अशी वेष्टने पुष्कळदा सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाळली जातात. उघड्यावर जाळण्यापेक्षा किंवा नाल्यात जाण्यापेक्षा ते बरे, पण त्याला पुनर्प्रक्रिया म्हणणे मला पटत नाही. वेष्टने कोरडी करून सुक्या कचऱ्यात जरूर द्या. तथापि खरा उपाय ती कमी विकत घेणे हाच आहे. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवरही आपल्या वेष्टनांची जबाबदारी टाकली आहे, याचा ग्राहकांनी त्यांना विसर पडू देऊ नये.

पाण्याच्या बाटलीची गोष्ट वेगळी. तिच्या तळाशी त्रिकोणात 1 हा आकडा असतो. तिचे तुकडे करून, धुऊन, वितळवून त्यापासून धागा काढतात आणि तो कापडासाठी किंवा उशांमधील भरणासाठी वापरला जातो. झाकण दुसऱ्या, हलक्या प्लास्टिकचे असते. कारखान्यात चुरा पाण्यात टाकला की झाकणाचे तुकडे तरंगतात आणि बाटलीचे बुडतात. त्यामुळे झाकण लावून दिले तरी चालते. सुटे झाकण मात्र हरवते. बाटली रिकामी करा, दाबून चपटी करा आणि मग झाकण लावा.

प्रश्न : सॅनिटरी पॅड आणि डायपर कोणत्या डब्यात टाकावेत? (कोल्हापूर)

उत्तर : ओल्याही नाही आणि सुक्याही नाही. ते वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावेत, त्या पुडक्यावर ठळक लाल ठिपका काढावा आणि पुडके वेगळे द्यावे. लाल ठिपक्याची ही खूण पुण्यातील कचरावेचकांच्या मोहिमेतून रूढ झाली. तिचा उद्देश एवढाच, की ते पुडके कोणाला हाताने उघडून पाहावे लागू नये. मुदत संपलेली औषधे, पारा असलेले दिवे, बॅटरीचे सेल आणि रंगाचे डबे हेही घरगुती घातक कचऱ्यात मोडतात आणि तेही स्वतंत्रच द्यावेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या खतखड्ड्याला दुर्गंधी येते. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे तो बंद करण्याचा ठराव येऊ घातला आहे. (डोंबिवली)

उत्तर : ठराव तूर्त पुढे ढकला. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून अधिक भाग ओला असतो. तो जागेवर जिरला नाही, तर कोणाच्या तरी गावाशेजारी जाऊन पडतो; उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्यासाठी हे वर्षानुवर्षे सोसले आहे. दाबलेल्या ढिगात हवा पोचत नाही, तेव्हा मिथेन तयार होतो, आणि तो पेट घेतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईच्या देवनार क्षेपणभूमीला लागलेल्या आगीचा धूर आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

दुर्गंधीचे कारणही तेच आहे : पाणी जास्त आणि हवा कमी. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढ्याच जाडीचा वाळलेल्या पानांचा थर द्या, दर तीन-चार दिवसांनी ढीग खालीवर करा आणि खड्ड्याच्या तळातून पाणी निघून जाण्यास वाट ठेवा. मूठभर मिश्रण पिळून पाहा. बोटांतून पाणी ठिबकले, तर पाने वाढवा. मूठ उघडताच भुगा सुटला, तर थोडे पाणी शिंपडा. आंबट वास आठवडाभरात कमी होऊ लागेल. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या बाजूला ठेवा. आवारात झडलेली पाने सफाई कामगारांना जाळू देऊ नका. पावसाळ्यात ती मिळणार नाहीत, तेव्हा उन्हाळ्यातच दहा-बारा गोण्या भरून जिन्याखाली ठेवा.